दारासमोरचा ब्रेकर

अकोल्यात, अकोट रस्त्यावर आमच्या दारासमोर जो ब्रेकर आहे, तो माझ्या अर्जामुळे झाला. बुद्धविहार रस्त्यापलीकडे, आणि आई रोज संध्याकाळी तिथं वंदनेला जायची. एकदा ट्रकनं तिला उडवायचंच बाकी ठेवलं. मी कारकून माणूस. अर्ज लिहिण्यात कुणाला हार जात नाही. वर्षभर खेटे घातले. ब्रेकर झाला त्या दिवशी आईनं गल्लीभर खीर वाटली आणि मी उगाच छाती फुगवून फिरलो.

पुढच्या उन्हाळ्यात तिची वंदनेची पांढरी साडी वाळतावाळता काळवंडायला लागली. मी म्हटलं, धूर असेल. तिनं पदर दोन बोटांत धरून चोळला. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक वळ्या निघाल्या.

"हा धूर नाई, बापू. ब्रेक मारला का टायर घासते, त्याचा चुरा हाय हा. दिवसभर आपल्याच दारात."

मी हसण्यावारी नेलं. मीही स्कूटरचे टायर गुळगुळीत झाले की बदलायचो. त्यांच्यावरचं रबर जातं कुठं, असं कधी मनात आलं नव्हतं. चौथी शिकलेल्या माझ्या आईच्या मनात आलं.

मग तिला दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशानं ते सांगता येत नाही, पण रस्त्याच्या धुळीपासून जपा. वंदनेला जाणं सुटलं. मी चिडून म्हटलं, ब्रेकर काढायचा अर्ज उद्याच टाकतो.

"पागल झाला काय? शाळेतले लेकरं कशे जातीन पलीकडे?"

अर्ज राहिला. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. घर दोनच खोल्यांचं. तिची बाज पुढच्या खोलीत होती. चैत्रात खोली नुसती भाजायची. ती तक्रार करत नव्हती, म्हणून मला वाटायचं, आपलं बरोबर चाललंय.

शेवटच्या दुपारी तिनं माझा हात धरला.

"खिडकी उघड नं रे. जीव घाबरून रायला."

बाहेर एकामागून एक गाड्या ब्रेक मारत होत्या. मी म्हणालो, "गाड्या कमी होऊ दे, मग उघडतो."

तिनं मान हलवली. लहान लेकराचं ऐकावं तसं माझं ऐकलं. त्या रस्त्यावर गाड्या कधी कमी होत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.