साबण आम्ही टाकला नव्हता

ये बाई, अशी जवळ सरक. मी लिहून राहिली म्हणून काय झालं, तू माझ्या बाजूले बसली आहे असंच मी समजते. आणि आधी तुले रागावते, मग बाकीचं सांगते. परवा फोनवर तू म्हटलं, "जाऊ द्या ना मामी. वहिनीले परत कामावर घेतलं ना? मग तुम्ही कायले जीव जाळता?" असं म्हणू नये, बाई. अर्धी गोष्ट ऐकून 'जाऊ द्या' म्हणणारे इथं गावात काय कमी आहेत?

साकोलीच्या पलीकडे, हायवेले लागून तो कारखाना आहे. साठी उलटेपर्यंत मी तिथं टाक्या आणि ड्रम धुवायच्या कामाले होती. तुझी वहिनी, म्हणजे माझी सून, बी.एस्सी. झालेली. ती आधी प्रयोगशाळेत लागली, मग माल धुतात त्या धुलाईच्या टाकीवर. गावात कोणीतरी तिथल्या मालाचं 'फॅटी अल्कोहोल' हे नाव ऐकलं, आणि शेजारीण मले विचारते, "काहो, सासू-सून दोघी भट्टीवर जाता म्हणे? आमच्या बुढ्यासाठी एखादी शिशी आणा ना."

"आणते," मी म्हटलं. "पण ते प्यायचं नाही, टाचेले चोळायचं. बुढ्याची टाच फुटणार नाही, एवढं खरं."

ते मेणासारखं असते, बाई. आपल्या राइस मिलमधली कनकी, तुटका तांदूळ असते ना, तिची साखर करतात. ती साखर मोठ्या टाकीत जंतूंले खायले देतात. मोहफुलं आंबवतात तसंच आंबवणं, पण हे जंतू दारू करत नाहीत, चरबीसारखं तेल करतात. ते गरम करून यंत्रात गरगर फिरवलं का वर पिवळा तवंग येते. वास असा का नाक दाबावं. त्यात आंबटपणा असतो. तो काढायले पातळ कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. आंबटपणा आणि कॉस्टिक मिळून साबण होतो, तो पाण्यासोबत खाली बसतो, आणि खालचं पाणी सोडून द्यायचं. मग साध्या गरम पाण्यानं दोनदा धुवायचं. शेवटी बंद भांड्यातली हवा काढून उकळवलं का पांढरंशुभ्र, बिनवासाचं निघते. तुझ्या त्या महागाच्या क्रीममध्ये हेच असते.

मले हे कोणी शिकवलं नाही. मी ड्रम घासता घासता पाहत गेली आणि विचारत गेली. पहिल्या आठवड्यात मी केलेली चूक तर आजही बाया सांगतात. लोणी आपण थंड पाण्यानं धुतो ना, तसं मी उरलेला माल थंड पाण्यानं धुतला. सगळं बादलीत गोठून गोळा झालं, घाण पाणी आतच अडकलं. तेव्हापासून मले कळलं का याले ऊन पाणी लागते, आणि पुढं पाहून कळलं का हळू हात लागते.

हळू हात. इथंच सगळं आहे.

त्या दिवशी दुपारी गेटवर माल न्यायले ट्रक उभा होता. शिफ्टचा साहेब धुलाईच्या टाकीजवळ आला आणि सुनेले म्हणते, "टाकीतली घोटायची चक्री जोरात चालवा. लवकर धुवून होईल."

सून म्हणाली, "सर, जोरात घोटलं तर तेल-पाणी एकमेकांले सोडणार नाही."

"मॅडम, इंजिनियर मी आहे का तुम्ही?"

तिनं चक्री वाढवली. आणि बाई, घटकाभरात टाकीच्या तोंडापर्यंत पांढरा फेस! ताक घुसळल्यासारखा. तीन दिवस वाट पाहिली, तेल वर आलं नाही, पाणी खाली बसलं नाही. साहेबानं तो फेस तपासायले पाठवला. त्यात साबण निघाला. झालं! साहेब म्हणते, टाकी धुणाऱ्या बायांनी साबण आत राहू दिला आणि मॅडमनं न पाहता माल सोडला.

आता सांग मले. त्या धुलाईत साबण होणारच! तो व्हावा म्हणूनच कॉस्टिक टाकतात! माझं माहेर लाखांदूरकडचं. माझी माय टोरीच्या, मोहाच्या बियांच्या तेलात कॉस्टिक घालून लाकडानं घोटायची आणि घरचाच साबण करायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या मायले जे माहीत होतं, ते या डिगरीवाल्याले माहीत नव्हतं? का माहीत होतं आणि मुद्दाम विसरला? मले वाटते, मुद्दामच विसरला. आणि टाकी आम्ही कधीच साबणानं धुतली नाही. गरम पाणी आणि कॉस्टिक, बस.

सुनेले घरी बसवलं. हातात कागद दिला का निष्काळजीपणा केला, माफी लिहून द्या. तिनं सही केली नाही.

मी तिले विचारलं, "तुमच्या त्या वहीत, कोणत्या वेळेले काय केलं ते लिहितेस ना तू? साहेबानं चक्री वाढवायले सांगितली, हे लिहिलं का नाही?"

ती म्हणाली, "साहेब समोर उभे होते, आई. त्यांच्याच देखत त्यांची चूक कशी लिहू? तुम्हीच तर सांगितलं होतं."

हाव, मीच सांगितलं होतं. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा मी तिले म्हटलं होतं का मोठ्या माणसाचं उणं कधी कागदावर लिहू नये, तोंडानं सांगावं, कागद राहून जाते. आपल्याकडे असंच शिकवतात. सासऱ्याचं, पाटलाचं, मास्तरचं उणं लिहायचं नाही. म्हणून वहीत फक्त एवढंच होतं: 'धुलाई सुरू केली.' खाली तिची सही. साहेबाचं नाव कुठंच नाही. मले स्वतःचाच असा राग आला का मी त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेले घेऊन मी कारखान्यात गेली. नागपूरहून मोठा साहेब आला होता. गेटवरच्या चौकीदारानं मले ओळखलं आणि आत सोडलं. शिफ्टचा साहेब म्हणते, "मावशी, तुमचं आता काय काम आहे इथं?"

"काम नाही, पाहुणी आली," मी म्हटलं. "दोन काचेच्या शिश्या द्या."

प्रत्येक घाण्याचा थोडा न धुतलेला माल लॅबमध्ये राखून ठेवतात. त्या बिघडलेल्याच घाण्याचा माल सुनेनं गरम केला, दोन्ही शिश्यांत सारखाच ओतला, दोन्हींत सारखंच कॉस्टिकचं पाणी घातलं. मोठ्या साहेबाले मी म्हटलं, "शिश्या तुमच्याच लॅबच्या आहेत, पाहून घ्या, साबण लागला आहे का." त्यानं खरंच उजेडात धरून पाहिल्या. एक शिशी मी पाळण्यातल्या लेकरासारखी हळू डोलवली. दुसरी शिफ्टच्या साहेबाच्या हातात दिली. "हलवा," म्हटलं, "तुमच्या चक्रीसारखी."

दोन्ही शिश्या गरम पाण्यात ठेवल्या. चहा झाला, जेवण झालं. माझ्या शिशीत वर तेल, खाली पाणी, मधे रेघ काढल्यासारखी. त्याच्या शिशीत वरपासून खालपर्यंत पांढरा फेस.

मोठा साहेब हसला आणि म्हणाला, "मॅडम, उद्यापासून या कामावर."

सून म्हणाली, "आणि तो कागद, सर?"

"अहो, राहू द्या. फाईलमध्ये एक कागदच तर आहे."

कागदच तर आहे! ज्यानं चक्री फिरवायले लावली त्याच्या फाईलमध्ये तो काहून नाही? उद्या ती दुसरीकडे नोकरी मागायले गेली तर ते लोक शिशी पाहतील का कागद? मी तिथंच बोलली, आवाज चढवून बोलली. शिफ्टच्या साहेबानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माफीचा एक शब्द नाही, सुनेले नाही, त्या टाकी धुणाऱ्या बायांले तर मुळीच नाही.

आता सून कामावर जाते. वहीत सगळं लिहिते, कोण बोललं, किती वाजता बोललं, साहेब समोर उभा असला तरी. मीच तिले म्हटलं, माझं जुनं शिकवणं फेकून दे. कागद काढून टाका म्हणून तिनं अर्ज दिला आहे. रोज विचारते, रोज 'पाहू' म्हणतात.

पण घरी आली का ती चूप राहते. माझ्याजवळ बोलत नाही, कारण माझा राग तिच्यापेक्षा मोठा आहे, तो तिले सांभाळावा लागते. तू तिच्या बरोबरीची आहेस, तुझ्याजवळ ती रडेल तरी. धान घरात आलं आहे, अंगण मोकळं आहे. फोन नको करू, बाई. साकोलीच्या बसमध्ये बस आणि लवकर ये.