पेपर आला नाही त्या दिवशी

जिल्ह्याचा पेपर रत्नागिरीहून दापोलीत यायचा तो सकाळच्या एसटीने. स्टँडवर गठ्ठा उतरला, विक्रेत्याने दोरी कापली, की माणसं पेपर उघडतच चहाच्या टपरीकडे वळायची. त्यात आमच्या तालुक्याच्या वाट्याला आतल्या पानावरचा एक कोपरा असे. कुणा मंत्र्यांचा दौरा, नाहीतर चोरी.

मी तेव्हा पंचविशीत होते. बी.ए. होऊन शिकवण्या घेत होते. आमच्या शेजारची ताई वडिलांच्या मागे त्यांचा छापखाना चालवायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं काम. तिने नुकताच कॉम्प्युटर आणि छोटं ऑफसेट मशीन घेतलं होतं, पण पावसाळ्यात लग्नं कुठली? जून लागला की सगळं झाकून ठेवायचं. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. आम्ही दोघी छापखान्यात चहा घेत बसलो होतो.

"चार महिने हे असं गप्प बघून जीव जातो गो माझा," ती म्हणाली.

"मग आपण पेपर काढूया," मी म्हटलं. गमतीने म्हटलं होतं. ती हसली नाही. कप खाली ठेवून तिने विचारलं, "किती पानी?"

 घरी येईपर्यंत डोक्यात चार पानं भरून झाली होती.

जिल्ह्याच्या पेपरचे दापोलीचे वार्ताहर म्हणजे आम्हा दोघींचे शाळेतले सर. निवृत्त झाले तरी इस्त्रीचा सदरा, बगलेत छत्री आणि खिशात दोन पेनं. त्यांना न सांगता पेपर काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून आम्ही त्यांच्या पडवीत जाऊन उभ्या राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगो, आपल्या गावात दिवसाला दोन बातम्या होतात," ते म्हणाले. "एक मी पाठवतो. दुसरी छापण्यासारखी नसते."

"सर, ती दुसरीच आम्हाला हवी आहे," मी बोलून गेले. ताईने मला कोपर मारलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि "बघा बापडे" एवढंच म्हणाले.

पहिल्या अंकात आम्ही काय काय घातलं! केळशीच्या मुलींनी कबड्डीत मारलेली बाजी, एका वाडीत लोकांनीच ओढ्यावर बांधलेला साकव, मुंबईच्या नोकरदारांनी गावच्या वाचनालयाला दिलेलं कपाट. ताजा अंक हातात आला तेव्हा मी त्याचा वास घेतला, आणि ताई मला वेडी म्हणाली. मग तिनेही घेतला. स्टँडवरच्या विक्रेत्याने तो मोठ्या पेपरच्या गठ्ठ्याखाली ठेवला. लोक वरचा उचलायचे आणि जायचे. आमचे अंक बरेचसे परत आले. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तरी अंकाच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नसे, इतकी मी उतावीळ असायची.

तिसऱ्या अंकाच्या दिवशी वाटच बंद झाली. रात्रभर कोसळलेल्या पावसाने खेडच्या रस्त्यावर दरड आली. पेपरची गाडी आली नाही, वीज नाही, फोन मुके. त्यात खेड स्टेशनवरून मुंबईची माणसं घेऊन निघालेली एसटी कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्यात केळशीची बरीच मंडळी होती. त्यांना उतरवून घ्यायला आलेले नातेवाईक स्टँडवर ताटकळत होते, आणि एकेकाच्या तोंडी वेगवेगळी अफवा होती.

आम्ही छापखान्यात हात चोळत बसलो होतो. विजेशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसतं खोकं. एवढ्यात सर दारात आले. छत्री असून नखशिखांत भिजलेले.

"गाडी सुखरूप आहे," ते दारातूनच म्हणाले. "दरडीच्या पलीकडे उभी आहे. माणसं तिथल्या गावात उतरली आहेत. एक ओळखीचा गडी डोंगरातल्या पायवाटेने आत्ताच आला, त्याने डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या पेपरला कळवायचं तरी कसं?" मग त्यांनी विचारलं, "तुम्ही छापता का?"

ताई उठली आणि तिने कोपऱ्यातल्या ट्रेडलवरचं पोतं ओढून काढलं. वडिलांच्या वेळचं ते मशीन पायाने चालायचं, त्याला वीज लागत नव्हती. शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, काही पेट्याही तिने मोडीत न घालता ठेवून दिल्या होत्या.

सर येरझाऱ्या घालत मजकूर सांगू लागले. "मुसळधार पावसामुळे दरड कोसळल्याने वाहतूक विस्कळीत..."

"सर, थांबा!" ताई ओरडली. "एका वाक्यात किती ळ! माझ्या पेटीत मूठभरसुद्धा नाहीत."

"मग काय करू?"

"ळ येणार नाही असं सांगा."

सरांनी भिजलेला चष्मा पुसला. मग म्हणाले, "बरं. फार पाऊस झाला. दरड रस्त्यावर आली."

"शाब्बास," ताई म्हणाली, आणि आपण कुणाला शाब्बास म्हटलं ते कळून तिने जीभ चावली. सर मात्र खुलले होते.

"प्रवाशांची शाळेत... नाही, देवळात..."

"त्यातही ळ आहे, सर!" मी म्हटलं.

"गावात सोय झाली आहे," ते हसत म्हणाले. "आणि उरलेले ळ केळशीला ठेव. तिथे मी काटकसर करणार नाही."

मी ट्रेडल मारायला बसले. पोटऱ्या भरून आल्या तरी थांबावंसं वाटेना. ताई कागद लावत होती, आणि सर एकेक ओला कागद बाकावर पसरत होते, परीक्षेचे पेपर मांडावेत तसे.

दुपारी आम्ही तिघं स्टँडवर पोचलो. कुणीतरी पहिला कागद हिसकावलाच. मागच्यांना दिसेना, तेव्हा सर बाकड्यावर चढले आणि वर्गातल्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी बातमी वाचली. "सगळे सुखरूप आहेत" हे वाक्य ळपायी छापलेलं नव्हतं, ते त्यांनी पदरचं घातलं. एक बाई मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि हातातले कागद वाटायचंच विसरले.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि एसटी आली. जिल्ह्याच्या पेपरात सरांची बातमी त्यानंतर छापून आली, आतल्या पानावर. तिथे 'मुसळधार' होतं आणि 'विस्कळीत'ही. सर त्या पेपरचे वार्ताहर राहिले ते शेवटपर्यंत. पण अंकाच्या आदल्या दिवशी छापखान्यात यायचे, आमचं शुद्धलेखन तपासायचे आणि आमच्याशी वाद घालायचे. विक्रेता आमचा अंक मोठ्या पेपरच्या शेजारी ठेवू लागला.

त्याच आठवड्यात त्या गाडीतून आलेले केळशीचे एक गृहस्थ छापखान्याच्या पायरीवर येऊन बसले. ताईने काय काम म्हणून विचारलं.

"गाडी अडकली ते छापलंत," ते म्हणाले. "आता पोचली ते कोण छापणार?"

मी धावत जाऊन कागद आणला आणि म्हटलं, "काका, आत या. पहिल्यापासून सांगा."