विमानात जागा नाही

त्या साहेबाची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं.

साठ सालाच्या आसपास मी पांढरकवड्याजवळच्या जंगलातल्या विश्रामगृहावर कारकून होतो. तिथल्या गायरानावर एक लहान विमान उतरायचं. ते चालवणाराच पाहुण्यांना जंगलात जनावरं दाखवायला नेई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गुरं बाजूला होईपर्यंत तो वर घिरट्या घालत राही. जंगलात कोणी मोठ्यानं बोललं, की त्याचा दंड धरून म्हणे, "हे त्याइचं घर आहे जी."

एका दुपारी त्या बड्या साहेबानं वैमानिकाला न जुमानता पाणवठ्यावर चितळाची गाभण मादी मारली. परतल्यावर साहेब विमानाकडे निघाला, तर हा दारात आडवा उभा.

"तुमाले जागा नाही. एसटीनं जा."

"मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"पाह्यलं न आताच! तिच्या पोटातलं पिल्लूबी पाह्यलं."

त्यानं दार आतून ओढून घेतलं. तो एकटाच उडून गेला.

साहेबानं मला बसवून तक्रार लिहवून घेतली, की वैमानिकानं बंदूक रोखून धमकावलं. त्याच्याजवळ दुर्बिणीशिवाय काही नव्हतं, हे मी पाहिलं होतं. तरी साक्षीदार म्हणून सही केली. नोकरी नवी होती.

महिन्याभरात त्याची तिथं विमान उतरवायची परवानगी रद्द झाली. तो पुन्हा आला नाही. साहेबाला मी आजही मनातल्या मनात शिव्या घालतो. पण त्या कागदावरचं अक्षर माझं आहे.