कोपरा फाडलेलं कार्ड

आमच्याकडे मरणाचं पत्र वाचून ओळखावं लागत नसे. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की समजायचं. असं कार्ड घरात न्यायचं नाही. अंगणातच वाचायचं, फाडून टाकायचं आणि डोक्यावरून आंघोळ करायची. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवसांत, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, वडशाच्या आमच्या अंगणात पोस्टमनने असं एक कार्ड माझ्यापुढे धरलं. त्यावर माझ्या थोरल्या बहिणीच्या हातचं चित्र होतं.

तिला मी बाई म्हणायची. ती पोंभुर्ण्याला दिलेली, मी वडशाला. कार्डावरचा मजकूर पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात, आणि माझ्या सासूबाई तर मोठ्याने वाचून घेत. म्हणून आम्ही लिहिणंच सोडलं होतं. माहेरी असताना नागपूरहून आलेली रंगाच्या वड्यांची एक डबी होती, ती लग्नानंतर आम्ही वाटून घेतली. निळा-हिरवा माझ्याकडे, लाल-पिवळा तिच्याकडे. कार्डाच्या मागच्या बाजूला चित्र, पुढच्या बाजूला आपापल्या नवऱ्याच्या अक्षरातला पत्ता. मी निळी तळी पाठवायची, ती पिवळी शेतं पाठवायची. लोक हसत. हसेनात का, आमचं काय चाललंय ते कोणाला कळत नव्हतं, यातच मला मोठी गंमत वाटे.

या कार्डावर तिचं घर होतं. दार उघडं, दारात कोणी नाही. आणि उजवा कोपरा फाडलेला.

बाईची दोन लेकरं जन्मतःच गेली होती. आता तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. चित्र तिचंच होतं, म्हणजे काढताना ती होती. पण कोपरा? तिनं रंगवून ठेवलेलं कार्ड पुढे तिच्या नवऱ्याने कोपरा फाडून पोस्टात टाकलं असेल? बिचाऱ्याला लिहवलं नसेल काही? पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. पत्त्याखेरीज एक अक्षर नव्हतं.

सासूबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "फाड ते आन् आंघोळ कर अगुदर. घरात पाहुणे हायेत."

"कोण गेलं ते समजल्याबिगर मी आंघोळ नाई करत," मी म्हटलं.

त्या घरात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. पाहुण्या बायका भाकरी थापायच्या थांबल्या. आंघोळ केली की बाई मेली, असं माझ्या मनाने घेतलं होतं. आज हे वेडेपणाचं वाटेल, पण तेव्हा तेवढंच माझ्या हातात होतं. कार्ड मी पोलक्यात खोचलं.

सासूबाई चिडल्या, पण जायला नाही म्हणाल्या नाहीत. एरवी मी पोंभुर्ण्याचं नाव काढलं की रोवणी असे, कापणी असे, नाहीतर मंडई असे. "मरनाले कोन अडोते," त्या म्हणाल्या. यांना माझ्याबरोबर धाडलं.

छोट्या रुळांच्या गाडीनं मूल गावापर्यंत गेलो. डब्यात मंडईच्या नाटकाला निघालेली माणसं गाणी म्हणत होती. मला त्यांचा संताप आला. हे हळूच म्हणाले, "रडून घे." मी रडले नाही. मूलहून बैलांची रेंगी केली. रस्ता सगळा जंगलातून. गाडीवाल्यानं विचारलं, "कोनाकडं चालले?" यांनी गावातलं घर सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि गप्प झाला. त्याला काही माहीत आहे की काय, असं मनात आलं. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

दिवस मावळायच्या आत गाव आलं. अंगणात माणसं नव्हती. दार बंद होतं. मी रेंगीतून उडी मारली आणि परसात धावले.

बाई सुपात धान पाखडत बसली होती. तिचं पोट मांडीवर टेकलं होतं. तिनं मान वर केली.

"आली?" ती म्हणाली.

"कोण गेलं?"

"कोनी नाई गेलं."

"मंग कोपरा?"

"म्याच फाडला."

मी तिचं सूप हिसकून फेकलं. धान परसभर सांडलं. तोंडाला येईल ते बोलले. अभद्र, करंटी, स्वतःच्या हातानं स्वतःचं मरण पाठवतेस, वाटेत माझा जीव गेला असता तर? सगळं बोलून झाल्यावर मी मातीतच बसले. आता मात्र मला रडू आवरेना.

"जित्या बहिनीकडं तुह्या सासूनं कधी धाडलं का तुले?" बाई म्हणाली.

मी पदरानं तोंड पुसलं.

"दोन लेकरं गेली तवा बी तुले कार्ड पाठोलं होतं. कोळशानं काळा पाळना काढला होता. कोपरा नोहता फाडला. तू काय केलं? निळं फूल पाठोलं. दोन्ही खेपेस." ती हातानं धान गोळा करायला लागली. "सुंदर होती फुलं. पन या खेपेस मले फूल नाई पाह्यजे होतं. मले भेव लागून राह्यलं."

हे परसाच्या दाराशी येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "घरी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगा," मी म्हटलं. "आणि मी येत नाही म्हणून सांगा."

ते दुसऱ्या दिवशी एकटेच परतले. मी पोंभुर्ण्याहून निघाले ती लेकरू रडलेलं माझ्या कानांनी ऐकूनच.