वॉर्डातून गेलेले मशीन

नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. ही एक आठवली की अजून मान खाली जाते.

कोरोनाची दुसरी लाट होती. बिदरच्या एका दवाखान्यातून बायपॅप मशीन गायब झाल्याची तक्रार माझ्या ठाण्यात आली. घशात नळी न घालता, तोंडावर घट्ट मास्क बसवून दाबाने श्वास देणारे हे यंत्र. वॉर्डातली बाकीची सगळी मशिने रुग्णांना लावलेली होती. मैलूरची एक बाई नुसत्या ऑक्सिजनवर बसून होती. तिला एक वाक्यही पुरे बोलता येत नव्हते. "मशीन मिळालं तर ती तग धरेल," डॉक्टर म्हणाले. तिचा नवरा बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात कामाला होता. तो दाराशी गप्प उभा होता.

खबऱ्याचा फोन आला: मशीन गाडीतून संतपूरकडे गेले आणि गाडीत ठेवले ते वॉर्डबॉयने. त्याला ठाण्यात बसवले. दरडावले, समजावले, चहा पाजला. गडी ढिम्म. चोर सहसा बडबड करतो. हा कुणाला तरी घाबरला होता. शेवटी मी हवालदाराला बाहेर पाठवले.

"कामून बोलत न्हाईस?"

"साहेब, मी इकलं न्हाई. मागितलं म्हणून दिलं. नाव सांगितलं तर तुम्हीच मला आत घालाल."

"न्हाई घालत. बोल."

"पोलीसअण्णा घेऊन गेले."

संतपूर माझे गाव. पोलीसअण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या अंगाला खाकी कधी लागली नाही, पण मी भरती झाल्यापासून गाव त्याला याच नावाने हाक मारते. मला त्याची गंमत वाटायची.

वरिष्ठांना फोन करून खरे ते सांगितले. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. मी घर दाखवायला सोबत गेलो. मशीन सोयाबीनच्या पोत्यांमागे चादरीखाली निघाले. घरात कुणीही आजारी नव्हते.

"मग नेलंस कशाला, अण्णा?"

"उद्या आईला झालं तर? दवाखान्यात माणसं मरायलेत, तू बघायलास की."

"ऑक्सिजन न्हाई, लावणारं माणूस न्हाई. हितं काय कामाचं हे?"

आई पलीकडे बसून ऐकत होती. शरमेने मला तिच्याकडे बघवेना.

पंचनामा झाला, भावाचा जबाब झाला. मशीन मुद्देमालाच्या खोलीत न अडकवता वरिष्ठांच्या परवानगीने लगेच दवाखान्याला दिले. मास्क लावताच बाई घाबरून तो ओढायला लागली. नर्सने तिचा हात धरून ठेवला. हळूहळू तिच्या खांद्यांची धडपड थांबली. पुढे ती बरी होऊन घरी गेली.

तिचा नवरा ठाण्यात येऊन पाया पडायला लागला. मी पाय मागे घेतले. "पाया पडू नको. मशीन माझ्याच भावानं नेलं होतं."

"व्हय साहेब," तो म्हणाला. "मी नेताना बघितलं होतं. साहेबांचे भाऊ हायेत म्हणून वॉर्डबॉयनंच सांगितलं."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"कुणाला बोलू? ठाण्यात तर तुम्हीच बसलेले."

बायको डोळ्यांदेखत गुदमरत होती, तरी तो माणूस माझ्या भीतीने गप्प राहिला होता. खाकीचा दरारा पाहिजे, असे मी नोकरीभर नव्या शिपायांना सांगत आलो. ते पुन्हा कुणाला सांगायला मला तोंड राहिले नाही.