चाकामागची जागा
सायकलच्या साखळीला तेल देताना त्या वासानं घाणेवाडीच्या तलावावरचा एक रविवार आठवतो. माझा मित्र आणि मी दर रविवारी जुन्या जालन्यातून सायकलींवर निघायचो. समोरचा वारा तो अंगावर घ्यायचा आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून मी चालवायचो. त्या दिवशी त्यानं ऑफिसातल्या एका नव्या सोबत्याला आणलं. "आज याला राहू दे माझ्या मागं," तो मला म्हणाला. "नवा हाय, वाऱ्यानं दमंल. तुला काय, सवय हाय." मी हसलो आणि मुद्दाम बाजूला होऊन, एकट्यानं वारा झेलत तलाव गाठला. बांधावर मोसंबी सोलताना त्या नव्या सोबत्यानं विचारलं, "हा बांध कोणी बांधला हो?" "याला विचार, चालतं पुस्तक हाय," मित्र म्हणाला. निजामाच्या काळातल्या त्या बांधाची हकिकत मी वाचली होती, तिथंच बसून मित्राला कितीदा सांगितलीही होती. तरी म्हणालो, "न्हाई बा माहीत." मित्रानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि अर्धं मोसंबं माझ्या हातावर ठेवलं. मित्राला जाऊन आता दोन महिने झाले. परवा आम्ही उरलेले दोघेच तलावावर गेलो, तेव्हा मी आपण होऊन बांधाची हकिकत काढली. "माहीत हाय," तो नवा सोबती पाण्याकडं पाहत म्हणाला. "त्याच दिवशी परतताना त्यानं सांगितल्तं. तुम्ही पुढं निघून गेल्ते. तुमचं नाव घेऊन सांगितलं." मला बरं वाटायला हवं होतं. मी एवढंच विचारलं, "अजून काय काय सांगितलं तुला?"