सुमनताईंची उधारी

सुमनताईंनी मला उधार दिलेली पहिली वस्तू म्हणजे अदृश्य करणारी घोंगडी. "घेऊन जा. चाळीस मोहरा. अंगावर घेतलीस की कुणाला दिसणार नाहीस, पण शिंकलास तर मात्र दिसशील," त्या म्हणाल्या. आवाज खर्जातला, एक डोळा बारीक केलेला. समोर टेबलावर चहाचे कप, खारी आणि फासे. घोंगडी अर्थातच कुठेच नव्हती. खेळ होता तो. आपण एकेक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. गोष्ट सुमनताई सांगणार, वाटेतले राक्षस, राजे आणि दुकानदारही त्याच होणार, आणि आपण काय करतो ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. अठ्ठावन्न वर्षांच्या या बाईंनी पुण्याच्या भाचीकडून फोनवर हा खेळ शिकून घेतला आणि डहाणू रोडच्या आपल्या घरी दर रविवारी दुपारी मांडला. खेळणारे आम्ही दोघंच. मी आणि धाकटी डहाणू गावचा मंगेश, जो बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो.

माझी त्यांची ओळख एसटीतली. त्यांचं तलासरीला मेडिकल, माझी तिथेच कारकुनी, सकाळची गाडी एकच. मी मुळातच घाबरट माणूस. घर सोडलं की गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, याने माझा जीव अर्धा होतो. त्या शेजारी बसून शेंगा सोलत म्हणायच्या, "शांति राख. तुझ्यासारखी माणसं गॅस दोनदा बंद करतात." माहेर उंबरगावचं, त्यामुळे मराठीत मधेच गुजराती डोकवायची. मला त्यांच्या शेजारी बसलं की खरंच बरं वाटायचं.

त्यांच्या दुकानात मी तासन्‌तास बसलो आहे. आसपासच्या पाड्यांवरची माणसं यायची, बऱ्याच जणांना वाचता येत नसे. ताई त्यांच्याशी वारलीत बोलायच्या. पांढरी सकाळी, पिवळी जेवल्यावर, असं दोनदा सांगायच्या आणि मग समोरच्याकडून वदवून घ्यायच्या. कुणाची सून गरोदर आहे, कुणाला कुठल्या गोळीने पुरळ उठतं, सगळं डोक्यात. मी एकदा म्हटलं, "ताई, एक वही करा की." तर म्हणाल्या, "लिहून ठेवलं की डोकं सुट्टीवर जातं. माझं डोकं मला कामावर हवंय."

वर्षभर आम्ही खेळातल्या मोहरा रोख मोजून खेळलो. मग गेल्या वर्षी त्यांनी अचानक उधारी सुरू केली. मला जरा गंमतच वाटली. मी म्हटलं, "मग घोंगडी उसनी द्या ना, पुढच्या रविवारी देतो." त्या उखडल्याच. "उसनं म्हणजे काय रे? वाटीभर साखर नेलीस, वाटीभर आणून दिलीस. ही घोंगडी फाडलीस तर दुसरी कुठून आणणार? उसनं नाही, उधार. दाम मोजायचं." आणि नियम असा की लिहायचं नाही. दर रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी त्या आमची सगळी उधारी तोंडपाठ म्हणून दाखवणार. घोंगडी चाळीस, आगीची काठी साठ, जखम भरणारी बाटली बारा. आम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. मंगेश याला उधारीची हजेरी म्हणायचा. मी घाबरट, त्यामुळे खिशातल्या डायरीत चोरून टिपून ठेवायचो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी घोंगडीचे चाळीस पुन्हा मागितले. मी ते आधीच्याच रविवारी फेडले होते. मी मंगेशकडे पाहिलं, त्याने टेबलाखालून लाथ मारली. आता ज्यांच्या घरी बसून खारी खायची, ज्या आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या, त्यांना तोंडावर चुकलात कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हो ताई," आणि चाळीस मोहरा पुन्हा दिल्या. खोट्याच तर होत्या. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, चांगलंच केलं आपण.

मग ते वाढत गेलं. मंगेशची काठी माझ्या नावावर गेली, त्यानेही मान डोलावली. बाटली कुणी घेतलीच नव्हती, तिचे बारा मी भरले. रविवार संपला की मी डायरी उघडून बसायचो. साठ मोहरांची काठी विसरणारं डोकं उद्या तलासरीला गोळ्या देणार होतं. मी मंगेशला बंदरावर गाठून विचारलं. तो म्हणाला, "वय झालं की होतं रे. माझी आई मला भावाच्या नावाने हाका मारते." एका सोमवारी मी कचेरीतून पळून दुकानात जाऊन उभा राहिलो. ताईंनी माझ्यासमोर चार गिऱ्हाइकं केली, चारही बिनचूक. मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, खोकला नसताना, आणि सुटलो एकदाचा असं म्हणत परत आलो. आठवडाभर झोप लागली.

पुढच्या रविवारी त्यांनी घोंगडीचे चाळीस पुन्हा मागितले. काय झालं माहीत नाही, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, घोंगडीचे मी दिलेत. तीनदा दिलेत."

त्यांनी फासे खाली ठेवले. "तीनदा? मग आधी का नाही बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट?" त्या इतक्या हळू बोलल्या की मंगेशला पुढे वाकावं लागलं. "अरे विलास, मी तुम्हाला उधार कशाला देत होते? गेल्या वर्षी दुकानात एका रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवेना मला. घाबरले. म्हटलं, दर रविवारी स्वतःची परीक्षा घ्यायची. दोन माणसांची उधारी बिनचूक म्हणता आली तरच सोमवारी दुकान उघडायचं, एक जरी चुकली तर नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सांभाळून घेतलं असतं, म्हणून नाही सांगितलं." मग म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी हो म्हणालात. मी दर सोमवारी दुकान उघडलं."

मंगेशने मान खाली घातली.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं. मी डायरी काढली. नऊ वेळा.

दुकान त्यांनी सोमवारी उघडलंच नाही. ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यायच्या त्यांना स्वतः जाऊन सांगितलं, आणि मग माझ्या मोटरसायकलच्या मागे बसून पाडे पालथे घालायला निघाल्या. बिलं होती, पण बिलावर काय लिहिलं ते कळतं, हातात काय गेलं ते कळत नाही. म्हणून घरोघरी जायचं, डबा उघडायला लावायचा, एकेक पाकीट बघायचं. नेमकं तेव्हा त्यांचं सगळं डोकं जाग्यावर होतं, हेच मला भयंकर वाटायचं. तीन दिवस फिरलो. सगळं ठीक निघत होतं. चौथ्या दिवशी एका म्हातारीच्या डब्यात रक्तदाबाची गोळी दुप्पट ताकदीची निघाली. "खाल्ली की भोवळ येते, म्हणून मीच अर्धी मोडून खाते," म्हातारी म्हणाली, वर आम्हाला पाणी विचारलं. ताई तिच्या अंगणात खालीच बसल्या. कितीतरी वेळ त्यांनी तिचा हात सोडला नाही.

एक घर राहिलं. साखरेचा आजार असलेला नवशा, बायकोसकट वीटभट्टीवर गेलेला. फोन बंद. कुठल्या भट्टीवर ते शेजाऱ्यांना माहीत नाही, पावसाआधी येतील म्हणाले. मी चार भट्ट्यांवर जाऊन आलो, मंगेश गुजरातेत दोन ठिकाणी विचारून आला. पत्ता नाही.

ताई आता मुलीकडे नवसारीला असतात. दुकान विकलं. उपचार चालू आहेत, पण कशाचे ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मी दर रविवारी दुपारी फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला, "नवशाचं घर उघडलं का रे?"

"नाही ताई. कालच जाऊन आलो. अजून कुलूप आहे."

मग मुलीविषयी बोलतात, तिथल्या पाण्याला नावं ठेवतात, मंगेशच्या लग्नाचं विचारतात. आणि मधेच थांबून म्हणतात, "अरे, ते नवशाचं घर उघडलं का?"

पहिल्यांदा असं झालं तेव्हा जुनं उत्तर पुन्हा द्यायला माझी जीभ शिवशिवली होती. जणू पहिल्यांदाच विचारलंय अशा आवाजात द्यायचं, किती सोपं होतं.

"ताई," मी म्हणालो, "हे तुम्ही आत्ताच विचारलंत."



"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या.